बुद्धिबळांतील बळी आणि यंत्राची पारख

आषाढांतील एखाद्या दुपारीं महाडच्या पुलावर उभ्या राहिलेल्या मनुष्यास सावित्रीचें पाणी काठाच्या आंत वाहतांना दिसतें. तेवढ्यावरून आज भय नाहीं असें त्यानें ठरविलें, तर तें ठरविणें त्याच्या डोळ्यांना धरून असतें; बरोबर असेलच असें मात्र नाहीं. ही नदी महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपुरावरून खालीं येते आणि मग महाडास पोंचते. वर डोंगरांत कोसळलेला पाऊस खालच्या बाजारपेठेपर्यंत येण्यास वेळ लागतो. त्यांतच खाडीची भरती आली कीं पाण्याचा निचरा अडतो. २०२१ च्या जुलै महिन्यांतील महापुरानें हा धडा फार कठोरपणें दिला. म्हणून महाडचा जाणता मनुष्य पुलाखालच्या पाण्याबरोबर घाटमाथ्यावरील पावसाचीहि चौकशी करतो.

बुद्धिबळाच्या पटावर बळी देण्याचा प्रसंग येतो, तेव्हां असाच प्रश्न उभा राहतो. खेळाडू आपला घोडा किंवा हत्ती, क्वचित् वजीरसुद्धां, जाणूनबुजून प्रतिपक्षाच्या तोंडीं देतो. डोळ्यांपुढें दिसतो तो उघड तोटा. नफा असतो तो पांच, दहा किंवा पंधरा खेळ्यांच्या पलीकडे. तो नफा खरा कीं कल्पनेंतला, हें ओळखणें ही या खेळांतील फार मोठी पारख समजली जाते. आतां ही पारख मनुष्याप्रमाणें यंत्रहि करूं लागलें आहे. अशा यंत्राचीच पारख कशी करावी, हा विषय मोठा मनोरंजक आहे आणि उपयुक्तहि आहे.

उपयुक्त एवढ्यासाठीं कीं हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाहीं. एके काळीं आडगांवच्या होतकरू खेळाडूस चांगला गुरु हवा असेल, तर त्यास मुंबई, पुणें किंवा सांगली गांठावी लागे. आज साध्या भ्रमणध्वनींत, एक पैहि न वेंचतां, असें बुद्धिबळ-यंत्र मिळतें कीं जें जगज्जेत्यासहि हार खावयास लावील. खेळाडू त्यास 'इंजिन' म्हणतात. २०२४ सालीं बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांतील नाशिकचे विदित गुजराथी, किंवा २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख, यांची पिढी अशा यंत्रांच्या सहवासांतच वाढलेली आहे. पण गुरु जितका बलवान्, तितकी शिष्याची त्याच्यावरील श्रद्धा आंधळी होण्याचें भय अधिक. पोलादपूरच्या एखाद्या मुलानें रात्रभर डोकें खाजवून एक सुंदर बळी शोधून काढावा आणि यंत्रानें दोन सेकंदांत तो चूक ठरवावा, असें नित्य घडतें. यंत्राचें म्हणणें खरें असेल, तर मुलगा कांहींतरी शिकला. परंतु दोन सेकंदांत यंत्रानें पुरेसें पाहिलेंच नसेल, तर एक खरी कल्पना जन्मतःच मारली गेली, आणि मारणाऱ्यावर कोणी संशयहि घेतला नाहीं.

यंत्र विचार कसा करतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. या शास्त्राचा पाया क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत घातला. त्याची कल्पना सरळ होती. प्रत्येक मोहऱ्यास मोल द्यावें: प्याद्यास एक, घोड्यास व उंटास तीन, हत्तीस पांच आणि वजिरास नऊ. त्यांत राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांचा मोकळेपणा इत्यादि गोष्टींची भर घालावी. मग पुढच्या सर्व शक्य खेळ्या करून पाहाव्या, प्रत्येकीस प्रतिपक्षाचें उत्तम उत्तर काय तें शोधावें आणि शेवटीं उरलेल्या मांडणीची किंमत करावी. ज्या वाटेच्या शेवटीं अधिक किंमत मिळेल, ती वाट धरावी.

कल्पना सरळ, पण आंकडे भयंकर. एका मांडणींत सरासरीनें तीसेक खेळ्या शक्य असतात असें धरलें, तर एक आपली व एक प्रतिपक्षाची मिळून सुमारें एक हजार वाटा होतात. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्यांस दहा लाख, तीन-तीन खेळ्यांस शंभर कोटि. सेकंदास वीस कोटि मांडण्या तपासणाऱ्या यंत्रास तीन-तीन खेळ्यांचें काम पांच सेकंदांचें. चार-चार खेळ्यांचें ८३ मिनिटांचें. आणि पांच-पांच खेळ्यांचें सुमारें ५८ दिवसांचें. पंधरा खेळ्यांपलीकडचा नफा या मार्गानें केव्हांच दिसावयाचा नाहीं.

म्हणून यंत्रें सगळ्या वाटा चालत नाहींत. ज्या वाटेवर प्रतिपक्षाचें एकच उत्तर ती वाट निरर्थक करण्यास पुरेसें असतें, ती वाट तेथेंच सोडली जाते. एवढ्यापुरतें कांहीं हरवत नाहीं, कारण सोडलेल्या वाटेनें निकाल बदलणें शक्यच नसतें. परंतु यापुढची युक्ति जोखमीची आहे. ज्या खेळ्या प्रथमदर्शनीं वाईट दिसतात, त्या यंत्र रांगेच्या शेवटीं लावतें आणि इतरांपेक्षां उथळ तपासतें. बहुतेक वाईट दिसणाऱ्या खेळ्या खरोखरीच वाईट असल्यामुळें या युक्तीनें वेळेची मोठी बचत होते. मात्र वजीर फुकट देणारी मूर्ख खेळी आणि वजीर देऊन राजास कोंडणारी असामान्य खेळी, या दोघी पहिल्या नजरेस सारख्याच दिसतात. खरा बळी असा वेड्यांच्या रांगेंत उभा केला जातो, आणि त्याची पाळी येईपर्यंत पुष्कळ वेळ निघून जातो.

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे आंबेनळी घाटानें जाणाऱ्या प्रवाशास ही अडचण चटकन् उमगेल. प्रत्येक वळणावर पुढचा रस्ता डोंगराच्या कडेआड नाहींसा होतो. ज्यास फक्त दिसणाऱ्या रस्त्यावरून निर्णय करावयाचा आहे, तो वळणापाशीं रस्ता संपला असेंच समजेल. ठराविक खेळ्यांपर्यंत पाहून थांबणाऱ्या यंत्राचें असेंच होतें. थांबण्याच्या जागेपलीकडे मात असो वा सर्वनाश असो, त्याच्या लेखीं तें अस्तित्वांतच नसतें. हान्स बर्लिनर या संशोधकानें या दोषास क्षितिजाचें नांव दिलें. आजचीं यंत्रें मारामारीच्या वाटा अधिक लांबवर पाहतात, त्यामुळें क्षितिज दूर गेलें आहे. नाहींसें झालेलें नाहीं.

सगळेच बळी सारखे अवघड नसतात. एक फार जुना नमुना प्रत्येक शिकाऊ खेळाडूस ठाऊक असतो. काळा राजा कोपऱ्यांत असतो, पांढरा वजीर त्याच्या शेजारच्या घरांत जाऊन शह देतो आणि तेथें मरतो. त्यास मारण्यासाठीं काळ्यास आपला हत्ती राजाच्या अगदीं जवळ आणावा लागतो. आणि मग एकट्या घोड्याच्या शहानें, स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला गेलेला राजा मात होतो. लुसेना या स्पॅनिश ग्रंथकाराच्या १४९७ च्या पुस्तकांतहि हा प्रकार आढळतो. येथें बळी वजिराचा असला तरी सारा हिशेब दोन खेळ्यांत मिटतो. अशा कोड्यानें यंत्राची परीक्षा घेणें म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यास गुडघाभर पाण्यांत उतरविण्यासारखें आहे.

खरी परीक्षा कशी असते, याचें नामांकित उदाहरण १९९० च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत सांपडतें. गॅरी कास्पारोव्ह आणि अनातोली कार्पोव्ह यांचा त्या सामन्यांतील विसावा डाव फ्रान्समधील लिओं शहरीं झाला. पंचवीस खेळ्या होऊन गेल्या होत्या आणि पांढऱ्या बाजूचे कास्पारोव्ह एका प्याद्यानें मागें होते. काळा राजा एच-८ या कोपऱ्यांतील घरांत होता. त्याच्यापुढें जी-७ आणि एच-६ या घरांत दोन प्यादीं राखणीस होतीं. सव्विसाव्या खेळीस कास्पारोव्ह यांनीं आपल्या घोड्यानें एच-६ चें प्यादें मारलें, आणि घोडा तेथेंच शत्रूच्या तोंडीं ठेवला.

वरवर पाहतां जी-७ च्या प्याद्यानें तो घोडा मारावा. पण तें शक्य नव्हतें. पटाच्या दुसऱ्या टोकास, बी-२ च्या घरांत, पांढरा उंट बसला होता आणि त्याची तिरपी नजर थेट काळ्या राजापर्यंत पोंचत होती. मध्यें आड होतें तें हेंच प्यादें. तें हललें असतें तर राजा उघडा पडला असता. मग घोडा मारण्यास उरला काळा हत्ती, ई-६ च्या घरांतला. परंतु हा हत्ती ई स्तंभांतून निघाला, कीं पांढऱ्याचा दुसरा घोडा त्याच स्तंभांतून उडी घेऊन डी-६ चें प्यादें मारणार आणि पांढऱ्या हत्तीची नजर सरळ काळ्या वजिरावर जाणार. कार्पोव्ह यांनीं हें सारें ओळखलें आणि घोड्यास हात न लावतां, सी स्तंभांतील प्यादें पुढें ढकलून त्या धोक्याच्या उंटावरच चाल केली.

येथें बळीची दुसरी पायरी आली. कास्पारोव्ह यांनीं उंट हलविला नाहीं. घोडा एफ-५ वर आणून त्यांनीं उंट मरूं दिला. आतां पांढरी बाजू पूर्ण एका उंटानें मागें पडली, आणि काळ्याचें प्यादें वजीर होण्यास एकच घर उरलें. केवळ मोल मोजणाऱ्या यंत्राच्या हिशेबानें ही तीन प्याद्यांची तूट. पण त्या प्याद्याच्या पुढच्याच घरांत पांढरा दुसरा उंट वाट अडवून बसला होता, आणि काळ्याचीं राखणीचीं मोहरीं राजापासून दूर होतीं. फास हळूहळू आवळत गेला आणि एकेचाळिसाव्या खेळीस कार्पोव्ह यांनीं डाव सोडला. बळीपासून शेवटापर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून तीसेक चाली झाल्या. वर दिलेलें गणित आठवलें, म्हणजे ही मांडणी यंत्रास कां जड गेली तें निराळें सांगावयास नको.

१९९४ च्या सुमारास पिएर नोलो या फ्रेंच गृहस्थानें यंत्रांच्या परीक्षेसाठीं अकरा अवघड मांडण्या निवडल्या, त्यांत ही पहिली होती. त्यापूर्वीं १९८२ सालीं इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांनीं चोवीस मांडण्यांची एक प्रश्नपत्रिका तयार केली होती. अवघड मांडणी देऊन बुद्धि पारखण्याची ही रीत महाराष्ट्रासहि नवी नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथांत अशाच मांडण्या रचल्या, आणि त्यांचें इंग्रजी पुस्तक १८१४ सालीं मुंबईंत निघालें. तेव्हां परीक्षार्थी मनुष्य होता. आतां यंत्र आहे, एवढाच काय तो फरक.

परंतु हा फरक वाटतो तितका लहान नाहीं. मनुष्यानें अवघड खेळी सांगितली, तर त्यास कारण विचारतां येतें. यंत्रानें बरोबर खेळी दाखविली, तरी ती कोणत्या कारणानें दाखविली हें निराळें शोधावें लागतें. १९९७ च्या मे महिन्यांत आय. बी. एम. कंपनीच्या डीप ब्लू या यंत्रानें कास्पारोव्ह यांचा सामन्यांत पराभव केला. सेकंदास वीस कोटि मांडण्या तपासणारें यंत्र तें हेंच. शेवटच्या, सहाव्या डावांत आठव्या खेळीसच त्यानें ई-६ च्या घरांत आपला घोडा बळी दिला आणि एकोणीस खेळ्यांत डाव जिंकला. यंत्रास बळीची दृष्टि आली, असें पाहणाऱ्यास वाटावें असाच तो देखावा होता. वस्तुतः ती खेळी यंत्रानें विचार करून काढलेली नव्हती. त्याच्या जाणत्या साह्यकांनीं भरून दिलेल्या प्रारंभीच्या खेळ्यांच्या पोथींत ती आधींच लिहिलेली होती. खेळी खरी होती, पण तिच्यावरून यंत्राच्या दृष्टीविषयीं कांहींच सिद्ध होत नव्हतें. पाठ केलेलें उत्तर आणि सोडविलेलें उत्तर यांतील भेद शिक्षकास चांगला ठाऊक असतो. यंत्राच्या परीक्षकानेंहि तोच ध्यानांत ठेवावयाचा आहे.

अशी परीक्षा महाडच्या एखाद्या विद्यार्थ्यास घरीं बसून घेतां येईल. त्यासाठीं मोठ्या प्रयोगशाळेची जरूर नाहीं. जरूर आहे ती शिस्तीची. पहिली गोष्ट, मांडणी दोनदां तपासावी. एक प्यादें एक घर चुकलें, किंवा पाळी कोणाची हें चुकलें, तर पुढचे सारे कष्ट वायां जातात. दुसरी गोष्ट, यंत्राची पोथी बंद करावी आणि मागील विचारांची त्याची आठवण पुसून टाकावी. नाहींतर दुसऱ्या वेळीं मिळणारें जलद उत्तर हें बुद्धीचें नसून स्मरणाचें असतें. तिसरी गोष्ट, दोन यंत्रांची तुलना करावयाची तर दोघांस तेंच उपकरण आणि तितकाच वेळ द्यावा. एकाच वेळीं अनेक शाखांनीं विचार करणारें यंत्र दर खेपेस सारखाच वेळ घेत नाहीं, म्हणून एकाच प्रयोगावर निवाडा देऊं नये.

यानंतर घड्याळ लावावें. यंत्रानें खेळी प्रथम केव्हां दाखविली याला फारसें महत्त्व नाहीं. ती दाखवून पुन्हां सोडली कीं काय, आणि शेवटीं कोणत्या क्षणापासून तिच्यावर तें कायम राहिलें, हें टिपून ठेवावें. खेळीच्या शेजारीं यंत्र एक आंकडा दाखवितें. तो प्याद्याच्या मोलांत असतो. बळीची खेळी निवडूनहि तो आंकडा शून्याच्या आसपास रेंगाळत असेल, तर यंत्रानें दार ओळखलें पण घर पाहिलें नाहीं, असें समजावें. आंकड्याबरोबरच पुढच्या खेळ्यांची वाटहि वाचावी. लिओंच्या मांडणींत घोड्याचा बळी सुचविणाऱ्या यंत्रास, सी स्तंभांतील प्यादें पुढें आल्यावर उंट मरूं देण्याची दुसरी पायरीहि दिसली पाहिजे. ती न दिसतां पहिली दिसली असेल, तर उत्तर बरोबर आणि रीत चूक, असा शेरा मारणेंच न्यायाचें.

सर्वांत महत्त्वाची कसोटी मात्र बहुधा विसरली जाते. खऱ्या बळीबरोबर खोटा बळीहि यंत्रापुढें ठेवावा. त्याच मांडणींत बी-२ वरील उंट उचलून ए-३ च्या घरांत ठेवला, तर काळ्या राजावरील तिरपी नजर नाहींशी होते. जी-७ चें प्यादें मोकळें होतें आणि एच-६ वरील घोडा तें मारूं शकतें. पट जवळजवळ तोच, देखावा तोच, पण बळीचें मूळ कारण गेलें. आतां यंत्र काय म्हणतें तें पाहावें. जें प्रत्येक ठिकाणीं बळी सुचवितें तें धाडसी ठरेल, जें कोठेंच सुचवीत नाहीं तें कंजूष ठरेल. दोन्हीं मांडण्यांत निवड बदलण्याचें कारण ज्यास दिसतें, तेंच खरें पारखी. ज्या परीक्षेंत प्रत्येक प्रश्नाचें उत्तर 'बळी द्यावा' असेंच असतें, तिच्यांत उडाणटप्पूहि पहिला येईल.

गेल्या कांहीं वर्षांत यंत्रांची एक नवी जात निपजली आहे. २०१७ सालीं पुढें आलेलें अल्फाझीरो आणि त्याच्या पाठोपाठ आलेलें लीला, यांस मोहऱ्यांचें मोल कोणी शिकविलें नाहीं. स्वतःशींच असंख्य डाव खेळून त्यांनीं मांडणीचा अंदाज बांधण्याची कला मिळविली. तीं थोड्या वाटा पाहतात, पण निवडून पाहतात. दीर्घकाळच्या वर्चस्वासाठीं प्यादें किंवा मोहरें देण्यास तीं कचरत नाहींत. २०२० पासून स्टॉकफिश या विख्यात यंत्रानेंहि आपल्या जुन्या खोल शोधास असल्या शिकाऊ अंदाजाची जोड दिली. तरीहि अवघड कोडीं संपलेलीं नाहींत. हाइस फान ब्रॉइकेलेन या डच रचनाकाराचें एक कोडें १९८७ सालीं ब्रुसेल्स येथें जमलेल्या नामांकित खेळाडूंपुढें ठेवण्यांत आलें, आणि बळी देण्यांत ज्यांची ख्याति होती त्या मिखाइल ताल यांनीं तें सोडविलें. त्यांत प्यादें वजीर होतें आणि तो नवा वजीर लगेच बळी दिला जातो. उलट काळी बाजू स्वतःला वांचविण्यासाठीं प्याद्याचा वजीर न करतां घोडा करते. २०२१ सालीं संशोधकांनीं या कोड्यावर दोन्ही जातींच्या यंत्रांस बसविलें, तेव्हां स्टॉकफिशला प्रचंड शोध घेतल्यावर उत्तर सांपडलें. अंदाजावर अधिक विसंबणाऱ्या लीलाला मात्र दिलेल्या मर्यादेंत तें सांपडलें नाहीं. एकाच अरुंद पायवाटेनें जावें लागतें तेथें सुंदर अंदाजापेक्षां चिकाटी उपयोगी पडते, हें त्यांतून दिसलें.

न्याय मात्र दोन्ही बाजूंनीं झाला पाहिजे. मनुष्यानें बरोबर ठरविलेलीं उत्तरेंहि यंत्रांनीं पुष्कळदां दुरुस्त केलीं आहेत. फ्रेड रेनफेल्ड यांच्या एका पुस्तकांतील तीनशें कोडीं अनेक वर्षें यंत्रांच्या परीक्षेसाठीं वापरलीं जात. त्यांतील कांहीं कोड्यांस दुसरें उत्तर आहे किंवा छापलेलें उत्तर टिकत नाहीं, हें यंत्रांनींच उघडकीस आणलें. परीक्षेंत कधीं कधीं प्रश्नपत्रिकाच नापास होते, आणि तसें झालें तर परीक्षकानें खालीं मान घालून तें मान्य करावें.

तेव्हां पोलादपूरच्या त्या मुलानें आपला बळी यंत्रानें नाकारला म्हणून वही मिटूं नये, आणि रागावून यंत्रासहि दूर सारूं नये. त्यानें यंत्रास अधिक वेळ द्यावा. आपली खेळी पटावर करून, काळ्या बाजूनें यंत्रासच उत्तर द्यावयास लावावें. तें जें उत्तर देईल, त्यावर आपला पुढचा घाव आहे कीं नाहीं हें पाहावें. घाव नसेल, तर बळी खोटा होता आणि तो कां खोटा हेंहि कळलें. घाव असेल आणि यंत्राचा आंकडा हळूहळू फिरूं लागला, तर तो क्षण कोणत्याहि पदकापेक्षां कमी मोलाचा नाहीं. दोन्ही प्रसंगीं मुलाच्या पदरीं कारण पडतें. नुसता आंकडा पडत नाहीं.

यंत्राचा आंकडा हा पुलाखालच्या पाण्याच्या उंचीसारखा आहे. तो बहुधा खराच असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारा शहाणा नव्हे. परंतु घाटांत काय चाललें आहे हें विचारल्यावांचून केवळ त्या उंचीवर विसंबून निजणारा मनुष्य महाडांत तरी जाणता म्हणविला जाणार नाहीं.